सिग्नलला अक्कल आली तर कोंडी सुटेल का?

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

'इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट सिस्टीम' हे शब्द टेंडरात आले की पुढचं सगळं ठरलेलं असतं. चौकाचौकात कॅमेरे लागतात, गारेगार कंट्रोल रूम उभी राहते, भिंतभर पडद्यावर शहराचा नकाशा लाल-पिवळा-हिरवा चमकतो, फीत कापली जाते. दोन वर्षांनी त्याच चौकात सिग्नल ब्लिंकरवर (नुसता पिवळा लुकलुकत) असतो आणि ट्रॅफिक पोलीस शिट्टी फुंकत हातवारे करत असतो. विकसनशील देशांतल्या कितीतरी शहरांत हे झालंय, होतंय. म्हणून हा धागा.

मी वाहतूक नियोजनात आहे. यंत्रणा विकत नाही, आणि यंत्रणेच्या विरोधातही नाही. माझं म्हणणं इतकंच की ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे पडत नाही हे खरेदीच्या आधी कळू शकतं, आणि ते कळून घ्यायचा कंटाळा केला जातो.

थोडं गणित सहन करा. १९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या वेबस्टर यांनी सिग्नलचं एक चक्र किती सेकंदांचं असावं याचं सूत्र दिलं. आजही वेळा बसवताना बरेच जण सुरुवात तिथूनच करतात. प्रत्येक चक्रात काही सेकंद वायाच जातात: फेज (म्हणजे हिरव्याची पाळी) बदलताना सगळेच थांबलेले असतात, शिवाय हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलायलाही वेळ घेते. या वाया सेकंदांना दीडने गुणायचं, त्यात पाच मिळवायचे. मग चौकावरची मागणी त्याच्या क्षमतेच्या किती आहे ते दशांशात काढून एकातून वजा करायची आणि त्या उत्तराने आधीच्या आकड्याला भागायचं.

चार फेजच्या चौकात १६ सेकंद वाया जातात असं धरू. मागणी ७० टक्के असेल तर चक्र साधारण ९७ सेकंदांचं येतं. ८० टक्क्यांना १४५. ९० टक्क्यांना २९०, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटं. आणि १०० टक्क्यांना शून्याने भागायची वेळ येते, उत्तरच नाही.

मागणी क्षमतेच्या आत आहे, पण सकाळी एका बाजूने आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने येते, अशा चौकात हुशार सिग्नल खरंच सोनं आहे. मागणी क्षमतेच्या पलीकडे गेली की मात्र तो फक्त उभं राहण्याची वाटणी करतो. आधी उत्तरेकडचे खोळंबत होते, आता पूर्वेकडचे खोळंबतील. आपल्यासारख्या देशांतल्या मोठ्या शहरांत गर्दीच्या वेळी मुख्य चौक बहुतेक या दुसऱ्या गटात असतात, आणि कॅमेरे पहिले तिथेच लागतात.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. विरोधी मतं तर हवीच आहेत.

---

वाचनमात्र_होतो

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. एक शंका. वेबस्टर म्हणजे ठरावीक वेळेचा सिग्नल. आताच्या ॲडॅप्टिव्ह यंत्रणा तर क्षणाक्षणाला वेळ बदलतात ना? मग १९५८ चं सूत्र त्यांना कशाला लावायचं?

---

तिरपी_रेघ

@वाचनमात्र_होतो, रास्त शंका आहे. ॲडॅप्टिव्हमधली जुनीजाणती नावं दोन. ब्रिटनची स्कूट आणि सिडनीची स्कॅट्स, दोन्ही १९७० च्या दशकातल्या. स्कूटचे डिटेक्टर चौकापासून मागे, गाड्या रस्त्याच्या त्या तुकड्यात शिरतात तिथे असतात, म्हणजे रांग किती होईल याचा अंदाज आधी येतो. स्कॅट्सचे थांबारेषेपाशी असतात आणि दिलेला हिरवा कितपत वापरला गेला ते मोजतात. दोन्ही यंत्रणा हिरव्याची वाटणी, चक्राची लांबी आणि शेजारच्या चौकांमधलं वेळेचं अंतर थोडं थोडं सरकवत राहतात. भारतात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने कोसिकॉस्ट नावाची प्रणाली केली, तिचा रोख मिश्र वाहतुकीकडे (कार, बस, रिक्षा, दुचाकी सगळं एकाच रस्त्यात) आहे.

पण क्षमता यातली कुठलीच यंत्रणा वाढवत नाही. वाया जाणारा हिरवा वाचवते. वाया जायला शिल्लकच नसेल तर वाचवणार काय?

---

फेज_तिसरी

सिग्नलच्या देखभालीच्या कामात आहे, त्यामुळे रस्त्यावरून कसं दिसतं ते सांगतो.

लूप डिटेक्टर म्हणजे डांबरात खाच पाडून पुरलेलं तारेचं वेटोळं. वरून धातू गेला की त्याचा इंडक्टन्स बदलतो, सिग्नलच्या कॅबिनेटमधल्या (चौकातल्या पेटीतल्या) कार्डाला कळतं की गाडी आली. गाड्या लेनमध्ये चालत असतील तर उत्तम चालतं. दोन लेनच्या मधून रिक्षा गेली तर दोन्ही लूप तिला मोजतात किंवा एकही मोजत नाही. लूपच्या कडेने दुचाकी गेली तर पत्ताच लागत नाही. आणि पाण्याच्या लाइनसाठी, केबलसाठी रस्ता खोदला की वेटोळं तुटतं. खोदणाऱ्याला माहीतही नसतं की खाली काही होतं.

म्हणून कॅमेरे आले. कॅमेऱ्याच्या चित्रावर काल्पनिक चौकोन आखतात, त्यात काही हललं की गाडी. इथे वेगळी दुखणी. बस पुढे उभी राहिली की तिच्यामागच्या सात-आठ दुचाकी झाकल्या जातात. संध्याकाळी सूर्य समोर आला की चित्र पांढरंफटक. काचेवर धूळ बसते, ती पुसायला शिडीची गाडी लागते, आणि गाडी दुसऱ्या खात्याची असते. नव्या एआयवाल्या कॅमेऱ्यांना गाड्यांचे प्रकार बरेच चांगले ओळखता येतात, हे मान्य. धूळ त्यांच्याही काचेवर बसते.

आता खरी गोम. साध्या व्हेईकल ॲक्च्युएटेड सिग्नलचा नियम असा: हिरवा चालू असताना गाड्यांमध्ये ठरावीक सेकंदांची फट दिसली की समजायचं रांग संपली, पुढच्या फेजकडे जायचं. मिश्र वाहतुकीत ही फट दिसतच नाही. कार संपतात तोवर मागून दुचाकी येतात, त्यांच्या कडेने सायकल येते, कुणी ना कुणी डिटेक्टरवर असतंच. त्यामुळे प्रत्येक हिरवा कमाल मर्यादेपर्यंत ताणला जातो आणि सगळ्या फेज कमाल मर्यादेवर चालल्या की तो ठरावीक वेळेचाच सिग्नल झाला. कागदावर ॲक्च्युएटेड, चौकात फिक्स्ड.

आणि डिटेक्टर बंद पडला तर? कंट्रोलर मुकाट्याने राखीव वेळापत्रकावर जातो. ते वेळापत्रक पहिल्या दिवशी भरलेलं. शेजारी मॉल झाला, उड्डाणपूल झाला, रस्ता एकेरी झाला, वेळा त्याच. कंट्रोल रूमच्या पडद्यावर तो चौक हिरवा दिसतो, कारण 'कनेक्टेड' आहे.

---

हाफ_तिकीट

फेज_तिसरी, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

धाग्यात एक गोष्ट मात्र अजून कुणी विचारली नाही. कोंडी कोणाची? सिग्नलचा मेंदू गाड्या मोजतो. त्याच्या हिशेबी पन्नास माणसांची बस म्हणजे फार तर तीन कार. उभं राहण्याचा एकूण वेळ कमी करायला सांगितलं की तो कारच्या लांब रांगेला हिरवा देणार आणि बस आडव्या रस्त्यावर थांबणार. माणसं मोजली असती तर उलट झालं असतं.

एका साध्या लेनमधून कार वगैरे मिळून तासाला ६०० ते १६०० माणसं जातात. तीच लेन बसला राखून दिली आणि बस वारंवार सोडल्या तर ४ ते ८ हजार. हे अमेरिकेतल्या शहरी वाहतूक अधिकाऱ्यांच्या नॅक्टो या संघटनेचे आकडे आहेत. कोलंबियातल्या बोगोटाचा ट्रान्समिलेनिओ (राखीव लेनवरची बससेवा, डिसेंबर २००० पासून) एका दिशेला तासाला ४० हजारांहून जास्त माणसं नेतो, पण तिथे थांब्यापाशी ओलांडायला दुसरी लेन आहे, तिकीट थांब्यावरच काढतात. नुसता रंग मारलेल्या पट्ट्याने ते होत नाही.

आणि बसला सिग्नलवर प्राधान्य द्या म्हणतात, त्याचीही गंमत. बस जवळ आली की हिरवा आठ-दहा सेकंद ताणायचा, किंवा लाल लवकर संपवायचा, अशी कल्पना. पण बस जर चाळीस गाड्यांच्या मागे अडकली असेल तर ताणलेले दहा सेकंद पुढच्या कार घेऊन जातात. बससाठी निदान चौकाआधीचा शेवटचा तुकडा मोकळा हवा. शिवाय थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर बस किती वेळ उभी राहील हे कुणालाच सांगता येत नाही, प्राधान्याचा अंदाज चुकतो. थांबा सिग्नलच्या पलीकडे न्या, तेच सॉफ्टवेअर एकदम शहाणं वाटायला लागतं. खर्च? एक शेड हलवायचा.

---

मेंढीकोट

बसवाले आले का धाग्यावर, वाटच बघत होतो :)

ट्रान्समिलेनिओचं कौतुक दर वेळी ऐकतो. २०२३ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने गुगल मॅप्सवरून १५२ देशांतल्या १२०० हून जास्त शहरांचा प्रवासाचा वेग काढला. त्यात सगळ्यात जास्त कोंडीचं शहर कुठलं निघालं? बोगोटा. आता बोला.

---

हाफ_तिकीट

बोलतो की. कारची कोंडी तिथे आहेच, ती नाकारली कुणी? बस त्या कोंडीच्या शेजारून जाते हाच तर मुद्दा आहे. मॅप्सचा तो अभ्यास गाडीने जाणाऱ्याचा वेग मोजतो, बसमधल्या माणसाला किती वेळ लागला ते नाही.

आणि अभ्यास काढलाच आहेस तर त्यातला मोठा निष्कर्ष का लपवलास? श्रीमंत देशांतल्या शहरांत गाड्या गरीब देशांच्या साधारण दीडपट वेगाने धावतात, आणि या फरकातला मोठा वाटा कोंडीचा नाहीच. रस्ते मोकळे असतानाही गरीब देशांतली शहरं संथ आहेत. एकूणात सगळ्यात संथ शहर ढाका निघालं. मध्यरात्रीही जो रस्ता संथ आहे त्याला हुशार सिग्नल लावून काय मिळणार?

---

तिरपी_रेघ

हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. 'संथ' आणि 'कोंडलेलं' ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि पडद्यावर दोन्ही लालच दिसतात. मुख्य रस्ते कमी, मधले जोडरस्ते नाहीत, पृष्ठभाग खडबडीत, कडेला दुहेरी पार्किंग, फुटपाथ नाही म्हणून माणसं रस्त्यावर. यांच्यामुळे येणारा संथपणा दिवसभर असतो. कोंडी ठरावीक तासांची. सिग्नलची अक्कल फक्त दुसऱ्यावर चालते.

कुठलंही शहर हे स्वतः तपासू शकतं. एकाच रस्त्याचा पहाटे चारचा आणि संध्याकाळी सातचा प्रवासवेळ शेजारी मांडायचा. फरक थोडा असेल तर पैसे डांबर, फुटपाथ आणि पार्किंगच्या शिस्तीवर घाला.

---

मेंढीकोट

तेच सांगतोय! हे प्रवासवेळ फोनवरून फुकट मिळतात मग. डिटेक्टरचा खर्चच नको. गुगलने २०२३ मध्ये ग्रीन लाइट म्हणून प्रकल्प जाहीर केला, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, जकार्ता, रिओ अशी शहरं त्यात आहेत. लोकांच्या फोनवरून चौकात गाड्या कशा थांबतात-सुटतात ते बघतात आणि 'या चौकात इतके सेकंद इकडून तिकडे करा' अशी शिफारस महापालिकेला देतात. खोदकाम नाही, धूळ नाही.

---

फेज_तिसरी

कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. वेळा वर्षानुवर्षं न बदललेल्या चौकाला शिफारस कुठूनही येवो, फायदाच. पण ती अमलात आणायला कुणीतरी कॅबिनेट उघडून वेळा बदलायच्या असतात. ते 'कुणीतरी' कोण, यावर सगळं अडतं.

आणि फोन दुचाकीवर आहे की कारमध्ये, बसमध्ये चाळीस फोन एकत्र आहेत की चाळीस दुचाक्या, हे ओळखणं मिश्र वाहतुकीत सोपं नसतं.

---

काठावरची

आतापर्यंत ज्यांच्या नावाने सिग्नलमध्ये बटन असतं (आणि ते चालत नाही), त्या जमातीतर्फे लिहिते. पायी चालणारे.

२४ मीटर रुंद रस्ता. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे २० सेकंद लागतात. म्हातारं माणूस किंवा कडेवर मूल असलेली बाई ०.९ ने चालली तर २७ सेकंद. ॲडॅप्टिव्ह यंत्रणेला हे २७ सेकंद म्हणजे निव्वळ नुकसान, कारण तिच्या हिशेबात मी नाहीच. किमान हिरवा किती ठेवायचा हे माणसाने बाहेरून ठरवून बांधून दिलं नाही तर सॉफ्टवेअर तो खात जातं. आणि चक्र १४५ सेकंदांवरून २९० वर गेलं की कारवाला गाडीत बसून वाट बघतो. पायी माणूस उन्हात उभा असतो आणि वैतागून लालमध्येच घुसतो. मग म्हणायचं, आपल्या लोकांना शिस्त नाही.

लांब चक्र हा माझ्या मते शिस्त बिघडवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

---

वाचनमात्र_होतो

+१. दुचाकीवाल्यांचंही तेच. काउंटडाउनवर १८० दिसले की इंजिन बंद, ५ दिसले की सगळे थांबारेषेच्या पुढे, झेब्रा गायब.

अवांतर: काँगोतल्या किन्शासात २०१३ मध्ये चौकात माणसाच्या आकाराचे सौरऊर्जेवर चालणारे रोबोट उभे केले होते. छातीवर आणि हातांवर लाल-हिरवे दिवे, डोळ्यांत कॅमेरे. लोक पोलिसापेक्षा रोबोटचं ऐकतात अशा बातम्या होत्या. यंत्रणा म्हणून तो साधा सिग्नलच, पण वीज स्वतःची स्वतः बनवतो हा भाग मला फार आवडला होता. ज्या शहरात वीज जाते तिथे सिग्नलच्या बॅटरीवर कुणी बोलतच नाही.

---

फेज_तिसरी

अवांतर कसलं, हाच मुख्य विषय. बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) बॅटरी येते की 'कन्झ्युमेबल' म्हणून बाहेर राहते ते एकदा वाचून बघा.

---

दीडशहाणा_अर्थशास्त्री

सगळा धागा वाचला. तुम्ही सगळे पुरवठ्याच्या बाजूने भांडताय. मूळ लेखातच लिहिलंय की मागणी १०० टक्क्यांच्या पुढे गेली की उत्तर नाही. मग मागणीलाच हात घाला ना. गर्दीच्या वेळी, गर्दीच्या भागात येणाऱ्या गाडीने पैसे भरायचे.

'त्यासाठी केवढं तंत्रज्ञान लागतं' असं कुणी म्हणायच्या आधी सिंगापूर. १९७५ ची गोष्ट. कॅमेरे नाहीत, सेन्सर नाहीत. मध्यवर्ती भागात सकाळी शिरणाऱ्या कारने दिवसाला तीन सिंगापूर डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावायचा, आणि प्रवेशाच्या कमानींपाशी उभे असलेले कर्मचारी नुसत्या डोळ्यांनी तो बघायचे. थांबवायचं नाही, परवाना नसेल तर नंबर टिपायचा, दंड घरी. चार किंवा जास्त माणसं असतील तर कार फुकट. सकाळच्या वेळात त्या भागात शिरणारी वाहतूक ४४ टक्क्यांनी घटली. सुरुवातीला वेळ साडेसात ते साडेनऊ होती, लोक साडेनऊ वाजायची वाट बघत बाहेर थांबायला लागले, म्हणून ती सव्वादहापर्यंत वाढवली. ईआरपी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शुल्कवसुली, आली १९९८ मध्ये. तेवीस वर्षं कागदावर चाललं!

हुशारी नियमात होती, उपकरणात नाही.

---

मेंढीकोट

सिंगापूर म्हणजे एक शहर, एक सरकार. दुसरीकडे हे असं होतं: मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातला एक दिवस गाडी बंद केली. लोकांनी दुसरी गाडी घेतली, बऱ्याचदा जुनाट आणि जास्त धूर सोडणारी. हवा सुधारली असं नंतरच्या अभ्यासात दिसलं नाही.

---

दीडशहाणा_अर्थशास्त्री

ते बंदीचं उदाहरण झालं, किमतीचं नाही. बंदीत पळवाट विकत घेता येते, आणि ती पळवाट म्हणजे दुसरी गाडी.

पण बंदीसुद्धा निरुपयोगीच असते असं नाही. जकार्तात मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी कारमध्ये किमान तीन माणसं हवीत असा नियम १९९२ पासून होता. लोकांनी त्यालाही तोड काढली: रस्त्याच्या कडेला 'जॉकी' उभे असत, पैसे देऊन गाडीत बसवून घ्यायचं. कडेवर बाळ असलेली बाई म्हणजे दोन माणसं. नियमाची थट्टा झाली म्हणून २०१६ मध्ये तो काढून टाकला. त्या सुमारास हॅना, क्राइंडलर आणि ओल्केन हे संशोधक मॅप्सवरून दर काही मिनिटांनी प्रवासवेळ नोंदवत होते. नियम गेल्यावर सकाळचा खोळंबा ४६ टक्क्यांनी आणि संध्याकाळचा ८७ टक्क्यांनी वाढला. थट्टा झालेला नियमसुद्धा इतकं काम करत होता! आणि नियम ज्या रस्त्यांवर नव्हता तिथलीही कोंडी वाढली.

---

हाफ_तिकीट

भारतात हे करायचं तर एक अडचण लगेच दिसते. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर सक्तीचा झाला, त्यामुळे चारचाकीच्या काचेवर वाचता येणारी चिठ्ठी तयारच आहे. पण राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, म्हणून तिला फास्टॅगही नाही. उद्या शहरात कारला शुल्क लावलं आणि दुचाकीला नाही, तर कार सोडून माणूस बसमध्ये येईल की दुचाकीवर बसेल? मला तर दुसरंच दिसतंय. बस आधी धड करा, मग शुल्क.

दक्षिण कोरियातल्या सोलने तो क्रम पाळला. (सोल २००४ मध्ये काही गरीब शहर नव्हतं, हे मान्य करूनच सांगतो.) त्याआधी तिथे खासगी बसवाले उतारूंसाठी शर्यत लावायचे, तोट्याचे मार्ग सोडून द्यायचे. १ जुलै २००४ ला एका झटक्यात मार्ग नव्याने आखले, रस्त्याच्या मधोमध बस लेन दिल्या, कार्डावर अंतराप्रमाणे भाडं सुरू केलं आणि बसवाल्यांना उतारूंऐवजी धावलेल्या किलोमीटरवर पैसे द्यायला सुरुवात केली. प्रत्येक बसमधला जीपीएस एका केंद्रात दिसायला लागला, पण त्या जीपीएसला अर्थ आला तो कराराने. कुठली बस किती धावली यावर बिल ठरतं म्हटल्यावर यंत्र चालू ठेवणं बसवाल्याच्याच फायद्याचं झालं.

उतारूमागे पैसे मिळत असतील तर पुढची बस पकडून तिचे उतारू पळवण्यातच चालकाचा फायदा असतो. मग कंट्रोल रूममधून 'दोन मिनिटं थांब' असं सांगितलं तरी तो कशाला थांबेल? तीन बस एकामागे एक येणं आणि मग अर्धा तास एकही नसणं, याला उपाय तोच तर असतो. एक बस उशिरा झाली की थांब्यावर जास्त माणसं साठतात, ती चढायला जास्त वेळ, बस आणखी उशिरा, आणि मागचीला माणसंच नाहीत म्हणून ती येऊन चिकटते. पुढची-मागची दोन्ही दिसत असतील तर मागचीला रोखता येतं.

---

काठावरची

आणि जिथे सरकारी बसच नाही, सगळं खासगी मिनीबसवर चालतं, तिथे? नैरोबीतलं उदाहरण मला फार आवडतं. मटाटू मिनीबसचा नकाशाच कुणाकडे नव्हता. नैरोबी विद्यापीठ, एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी विद्यार्थ्यांना साधे फोन देऊन मटाटूत बसवलं, थांबे आणि मार्ग टिपून घेतले. २०१४ मध्ये १३० हून जास्त मार्गांचा नकाशा निघाला, मेट्रोच्या नकाशासारखा रंगीत. शिवाय तीच माहिती ॲपवाल्यांना वापरता येईल अशा खुल्या स्वरूपात ठेवली. खड्डा न खणता, खांब न रोवता. सगळे मार्ग मध्यवर्ती भागातूनच जातात म्हणून तिथे गर्दी होते, हेही त्या नकाशावर कुणालाही दिसायला लागलं.

---

तिरपी_रेघ

नैरोबीचं उदाहरण आणल्याबद्दल आभार. कंट्रोल रूमच्या खर्चाच्या किरकोळ हिश्शात होणारं काम आहे हे.

सिग्नलवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर धागा एकतर्फी होईल. पूर्ण भरलेल्या शहरातही सिग्नल एक मोठं काम करू शकतो: गाड्या आत न सोडण्याचं. जेरोलिमिनिस आणि डगांझो यांनी २००८ मध्ये योकोहामाच्या नोंदींवरून दाखवलं की शहराच्या एखाद्या भागात गाड्या वाढत गेल्या की बाहेर पडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण आधी वाढतं, एका मर्यादेनंतर उलट घटायला लागतं. कारण रांग मागच्या चौकापर्यंत पोचते, चौक अडतो, आडव्या रस्त्यालाही जाता येत नाही. मग हिरवा लागतो आणि कुणी हलत नाही. हे प्रत्येकाने पाहिलंय: समोर हिरवा, पुढे जागा नाही, तरी पहिला चौकात घुसतो, लाल लागतो आणि तो मधोमध आडवा.

म्हणून मर्यादा यायच्या आधीच वेशीवरच्या सिग्नलचा हिरवा कापायचा. रांग बाहेर, रुंद रस्त्यावर उभी करायची आणि आतला भाग वाहता ठेवायचा. झ्युरिकमध्ये हे वर्षानुवर्षं चाललंय, आत ट्राम अडत नाहीत. मिश्र वाहतुकीतही हे चालेल असं मला वाटतं, कारण यासाठी प्रत्येक दुचाकी मोजायची गरज नाही, भाग भरलाय की नाही एवढं कळलं तरी पुरे, आणि ते फोनवरच्या वेगातूनही कळतं.

---

मेंढीकोट

आणि वेशीवर उभे कोण राहणार? उपनगरातून येणारे. आत राहणारे मजेत. हे कुठल्या लोकप्रतिनिधीला विकून दाखवा.

---

तिरपी_रेघ

खरंय, म्हणूनच वेशीवर बसला वेगळी लेन नसेल तर मी ते सुचवणारच नाही. बसवाला रांगेच्या शेजारून आत गेला पाहिजे. आणि तेवढ्यानेही भांडण मिटत नाही हे दिल्लीत दिसलं: बीआरटी (बससाठी राखीव लेन) २००८ ला सुरू झाली, कारवाल्यांची ओरड कधी थांबली नाही, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंद करायला नकार दिला, तरी २०१५ मध्ये ती मोडायचा निर्णय झालाच.

---

वाचनमात्र_होतो

समजा एखाद्या मध्यम शहराकडे थोडेच पैसे आहेत आणि 'स्मार्ट' काहीतरी करायचंच असा वरून आग्रह आहे. तिरपी_रेघ, तुम्ही काय घ्याल?

---

तिरपी_रेघ

आधी दोन माणसं. पगारी, कायम, सिग्नलच्या वेळा बसवता येणारी. त्यांनी सगळ्या चौकांतून फिरून दर वर्षी वेळा नव्याने बसवायच्या, गर्दीचे आणि शाळा सुटायचे वेगळे प्लॅन भरायचे. यात यंत्रणा काही नाही, पण कॅमेऱ्याने मिळेल त्यातलं पुष्कळसं इथेच मिळून जातं. मग सगळ्या बसना जीपीएस, आणि तो डेटा खुला. मग गर्दीच्या एकाच रस्त्यावर बस लेन आणि त्या लेनवर घुसखोरी पकडणारे कॅमेरे. कॅमेऱ्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही, मात्र नंबरप्लेटा वाचता येण्याजोग्या हव्यात आणि दंड वसूल व्हायला हवा. ॲडॅप्टिव्ह सिग्नल सगळ्यात शेवटी, आणि तेही जिथे मागणी क्षमतेच्या आत आहे अशा रस्त्यावर.

टेंडरात पैसे 'बसवले' यावर देऊ नका. बसवल्यावर थोडे, बाकीचे पाच वर्षांत विभागून, आणि दर महिन्याला डिटेक्टर किती टक्के वेळ चालू होते त्यावर.

---

फेज_तिसरी

त्या कलमात माझी भर. 'चालू' ची व्याख्या कंत्राटदाराच्या सर्व्हरवरून घेऊ नका, तो 'कनेक्टेड' लाच चालू म्हणतो. महिन्यातून एकदा चार-पाच चौक चिठ्ठी टाकून निवडा, माणूस पाठवा, पंधरा मिनिटं हाताने गाड्या मोजा आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून बघा. फरक ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेला तर त्या महिन्याचं बिल कापा.

आणि कंट्रोलरचा पासवर्ड आणि कॅबिनेटची किल्ली महापालिकेच्या नावावर लिहून घ्या. एका शहरात कंत्राट संपल्यावर जुना कंत्राटदार दोन्ही घेऊन गेला, नव्याला कुलूप तोडावं लागलं आणि वेळा शून्यापासून भराव्या लागल्या. त्या काळात सगळे चौक ब्लिंकरवर होते.